रवांडा आणि काँगोत एवढी मारामारी का? सारखे येणारे प्रश्न, एकदाच उत्तरं

कामानिमित्त काही वर्षं किगालीत होतो, म्हणजे रवांडाच्या राजधानीत. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, भाच्याचे कॉलेजातले मित्र, सगळे तेच तेच प्रश्न पाठवतात. दरवेळी व्हॉट्सअपवर टाईप करून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं इथे एकत्र लिहून ठेवतोय. आख्ख्या आफ्रिकेबद्दल लिहायची माझी लायकी नाही, म्हणून रवांडा, बुरुंडी आणि काँगो हे तीन शेजारी धरलेत. तिघांवरही बेल्जियमचं राज्य होतं. बाकीचे देश गरज पडली तरच येतील.

१. आफ्रिकेत सगळीकडेच कायम युद्ध चालू असतं ना?

नाही हो. ५४ देश आहेत. बोट्स्वाना, झांबिया, घाना, सेनेगल इथे स्वातंत्र्यानंतर मोठं यादवी युद्ध देशभर पेटलंय असं झालेलंच नाही. किगालीत तर मी रात्री अकराला चालत घरी यायचो, रस्ते इतके स्वच्छ की आपल्यालाच लाज वाटावी.

आकाराचा अंदाज असू द्या, पुढे लागेल. रवांडा म्हणजे आपला नाशिक आणि सातारा जिल्हा जोडले तर जेवढं होईल साधारण तेवढा. काँगो मात्र भारताच्या जवळपास सत्तर टक्के आणि बेल्जियमच्या पंचाहत्तरपट. (काँगो नावाचे दोन देश आहेत, मी किन्शासावाल्या मोठ्या काँगोबद्दल बोलतोय, पलीकडचा छोटा फ्रेंचांचा होता.)

२. बर्लिनला टेबलावर नकाशा पसरून पट्टीने आफ्रिका वाटून घेतली, हे खरं का?

अर्धं खरं. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ अशी जर्मनीच्या बिस्मार्कने बोलावलेली परिषद बर्लिनमध्ये झाली, चौदा देश आले, आफ्रिकेतला एकही राजा किंवा त्याचा माणूस बोलावला नव्हता. पण आज नकाशावर दिसतात त्या रेघा तिथे बसून मारल्या असं नाही. तिथे ठरले ते नियम, की कोणी कुठे दावा सांगायचा असेल तर नुसता झेंडा लावून चालणार नाही, प्रत्यक्ष ताबा दाखवावा लागेल, काँगोच्या खोऱ्यात सगळ्यांना व्यापार खुला राहील, वगैरे. रेघा नंतर वीस-पंचवीस वर्षं दोन-दोन देशांच्या करारांमधून आल्या. त्यातल्या कित्येक सरळ रेघा आहेत कारण मारणाऱ्याने तो भाग पाहिलेलाच नव्हता.

त्या हिवाळ्यात सगळ्यात मोठा हात मारला तो बेल्जियमच्या राजाने. त्याचं पुढच्या प्रश्नात.

३. काँगो एका माणसाच्या मालकीचा होता म्हणे? देश कसा काय कोणाच्या मालकीचा असेल?

होता. १८८५ ते १९०८. बेल्जियम देशाचा नाही, राजा दुसरा लिओपोल्ड याचा स्वतःचा. त्याने आधी स्टॅनली नावाच्या प्रवाशाला पाठवून नदीकाठच्या शेकडो गावप्रमुखांकडून कागदांवर खुणा करून घेतल्या, कापडाचे तागे वगैरे देऊन. कागदात काय लिहिलंय ते त्या प्रमुखांना वाचता येत नव्हतं आणि जमीन 'विकणं' ही कल्पनाच तिथे नव्हती, जमीन गावाची असायची. ते कागद आणि गुलामांचा व्यापार बंद करायचाय ही परोपकाराची भाषा, एवढ्या भांडवलावर युरोप-अमेरिकेने त्याला मान्यता दिली. गडी स्वतः एकदाही काँगोत गेला नाही.

मग रबर. सायकल आणि मोटारींच्या टायरसाठी भाव वाढला. काँगोत ते जंगली वेलींमधून निघायचं. गावागावाला कोटा, कोटा भरेपर्यंत बायकांना ओलीस ठेवायचं, नाही भरला तर सैनिक. सैनिकांना दिलेल्या गोळ्यांचा हिशोब द्यावा लागायचा, गोळी शिकारीत उडवली नाही माणसावरच वापरली याचा पुरावा म्हणून कापलेला उजवा हात दाखवायचा. आणि गोळी वाया गेली असेल तर जिवंत माणसाचा.

एक फोटो आहे, १९०४ चा, एका मिशनरी बाईने काढलेला. न्साला नावाचा माणूस ओट्यावर बसलाय, एका बाजूला वळलेला, आणि समोर जमिनीवर दोन छोट्या वस्तू आहेत. नीट बघितल्याशिवाय कळत नाही. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा एक हात आणि एक पाऊल आहे ते. तो रडत नाहीये, नुसता बघतोय. हा आणि असे फोटो युरोपात हॉलमध्ये पडद्यावर दाखवले, रॉजर केसमेंट या ब्रिटिश अधिकाऱ्याचा रिपोर्ट आला आणि शेवटी १९०८ मध्ये राजाकडून बेल्जियम देशाने काँगो काढून घेतला.

किती माणसं मेली याचा 'एक कोटी' हा आकडा सगळीकडे फिरतो. तेव्हा जनगणनाच नव्हती, त्यामुळे तो अंदाज आहे, पक्का आकडा म्हणून फॉरवर्ड करू नका. कमी असला तरी काही बिघडत नाही, जे झालं ते पुरेसं भयंकर आहे.

४. राजाकडून देशाकडे गेल्यावर सुधारलं का? रेल्वे, शाळा, दवाखाने तर बेल्जियमनेच बांधले ना?

हात कापणं थांबलं. रेल्वे बांधली, कारण कटांगा प्रांतातलं तांबं बंदरापर्यंत न्यायचं होतं. प्राथमिक शाळा मिशनऱ्यांनी भरपूर काढल्या, हेही मान्य. पण शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या बांधून वरच्या काढूनच घेतल्या. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एवढ्या मोठ्या देशात काँगोली पदवीधर वीस-तीसच्या आत. सैन्यात एकही काँगोली अधिकारी नाही, सगळे अधिकारी गोरे.

वर चढायची एकच फट होती, 'सुधारलेला माणूस' असं कार्ड मिळवायचं. त्यासाठी तपासनीस घरी यायचे, घरात काटे-चमचे आहेत का, बायको-मुलं टेबलावर जेवतात का हे बघायला. कल्पना करा, परका माणूस तुमच्या स्वयंपाकघरात येऊन तुमची भांडी मोजतोय आणि त्यावर तुमची माणुसकी ठरवतोय. कार्ड या गोष्टीची बेल्जियमला भारी आवड. प्रश्न ७ मध्ये ती अजून दिसेल.

५. स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या काँगो फुटला, म्हणजे त्यांना राज्य करताच येत नव्हतं असं नाही का होत?

तारखा बघा आणि मग ठरवा. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य. समारंभात बेल्जियमच्या राजाने लिओपोल्डच्या अलौकिक बुद्धीची स्तुती केली (प्रश्न ३ वाचून झाला असेल तर कळेल कसं वाटलं असेल ऐकणाऱ्यांना), त्यावर पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांनी ठरलेलं नसताना उठून चाबूक, वेठबिगार, अपमान सगळं तोंडावर काढलं. काही दिवसांत सैन्याचा बेल्जियन जनरल यान्सेन्स याने सैनिकांसमोर फळ्यावर लिहिलं, 'स्वातंत्र्याआधी = स्वातंत्र्यानंतर'. म्हणजे तुमचं प्रमोशन बिमोशन विसरा. ५ जुलैला सैन्यात बंड. ११ जुलैला कटांगा प्रांताने आपण वेगळे झालो असं जाहीर केलं, नेता मोइज चोंबे, पाठीशी बेल्जियन सैनिक आणि तिथल्या खाणी चालवणारी युनियन मिनिएर कंपनी. याच प्रांतातल्या शिंकोलोब्वे खाणीतलं युरेनियम हिरोशिमाच्या बॉम्बसाठी वापरलेलं, तेव्हा हा प्रांत हातचा जाऊ देणं कोणालाच परवडणार नव्हतं.

अकरा दिवस. अकरा दिवसांत नवीन सोसायटीची कमिटीसुद्धा बसत नाही.

लुमुम्बांनी रशियाची मदत मागितली, अमेरिकेला मिरची लागली, सप्टेंबरमध्ये मोबुटू नावाच्या कर्नलने सत्ता हातात घेतली आणि १७ जानेवारी १९६१ ला लुमुम्बांना कटांगात नेऊन, बेल्जियन अधिकारी हजर असताना, गोळ्या घातल्या. प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं. त्या कामावरच्या बेल्जियन पोलिसाने आठवण म्हणून एक दात ठेवून घेतला. तो सोन्याची टोपी बसवलेला दात बेल्जियमने घरच्यांना परत दिला जून २०२२ मध्ये. काँगोत जे पुरलं ते म्हणजे तो दात.

६. हुतू आणि तुत्सी या दोन वेगळ्या जमाती आहेत ना? दिसायलाही वेगळ्या?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. थोडा वेळ देतो.

दोघांची भाषा एक, किन्यारवांडा. धर्म एक. गावं एकच, वेगळा हुतूंचा प्रांत आणि तुत्सींचा प्रांत असं काही नाही. लग्नं आपसात व्हायची. तिसरा गट त्वा, अगदी थोडे. जुन्या राज्यात तुत्सी म्हणजे ढोबळमानाने गुरं बाळगणारे आणि दरबाराच्या जवळचे, हुतू म्हणजे शेती करणारे. बरोबरीचं नातं नव्हतं, हे लपवायचं कारण नाही. गुरं देऊन माणसाला बांधून घ्यायची पद्धत होती, पुढे एकोणिसाव्या शतकात राजा र्वाबुगिरीच्या काळात हुतूंवर वेठबिगारीही लादली गेली. गोरे यायच्या आधी सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

पण माणूस हलू शकत होता. हुतूकडे गुरं आली, वजन वाढलं की तो तुत्सीत धरला जायचा, आणि त्यासाठी भाषेत चक्क शब्द होता, 'क्विहुतुरा', हुतूपण उतरवून ठेवणं. ज्या गोष्टीला शब्द आहे ती गोष्ट अगदीच दुर्मिळ नसणार.

दिसण्याचं काय? १८६३ मध्ये स्पीक नावाच्या इंग्रज प्रवाशाने सिद्धांत मांडला की आफ्रिकेत जिथे जिथे व्यवस्थित राज्य दिसतं तिथले राज्यकर्ते उत्तरेकडून, इथिओपियाकडून आलेल्या वरच्या वंशाचे असणार, कारण काळ्या माणसाला एवढं जमणारच नाही. नंतर जर्मन आले (रवांडा आधी जर्मनीकडे होता, पहिल्या महायुद्धात १९१६ ला बेल्जियमने घेतला), त्यांनी आणि बेल्जियनांनी उंच, सरळ नाकाचा दिसला की तुत्सी असं ठरवून टाकलं, नाकं आणि डोकी मोजणारी माणसंसुद्धा फिरवली. प्रत्यक्षात माझ्या ऑफिसात कोण काय हे मला काही वर्षांत एकदाही चेहऱ्यावरून कळलं नाही. आणि १९९४ च्या नरसंहारात, हुतूंनी तुत्सींना मारलं तेव्हा, मारणाऱ्यांनाही कळत नव्हतं, म्हणून तर ते ओळखपत्र, म्हणजे कार्ड मागायचे.

७. ते ओळखपत्राचं नेमकं काय प्रकरण आहे?

१९३० च्या दशकात बेल्जियनांनी शिरगणती केली आणि प्रत्येक प्रौढ माणसाला कार्ड दिलं. कार्ड म्हणजे घडी घातलेला साधा पुठ्ठा, 'इंडांगामुंतु' म्हणतात. नंतरच्या काळातली कार्डं मी पाहिली आहेत. फोटो आणि त्याच्या जवळ एक ओळ छापलेली: उब्वोको, आणि पुढे चार शब्द, हुतू, तुत्सी, त्वा, नागरिकत्व घेतलेला. त्यातले लागू नसतील ते तीन शब्द कारकुनाने पेनाने खोडायचे. बस. जो शब्द खोडायचा राहिला तो तुम्ही.

आता गंमत, म्हणजे गंमत कसली. 'उब्वोको' या शब्दाचा आधीचा अर्थ कूळ. कोणी उब्वोको विचारलं तर माणूस आपलं कूळ सांगायचा, अबासिंगा, अबाझिगाबा, अबान्यिगिन्या, अशी अठरा-वीस कुळं आहेत आणि प्रत्येक कुळात हुतूही सापडतात, तुत्सीही, त्वाही. प्रश्न तोच राहिला, उत्तराचे पर्याय बदलले. आणि ते उत्तर बापाकडून मुलाकडे जायला लागलं. क्विहुतुरा संपलं. गुरं कितीही घ्या, पुठ्ठा बदलत नाही.

नुसतं कार्ड देऊन थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण शाळेत आधी कोणाची मुलं, साहेबाच्या हाताखाली मुखिया कोण, हे कार्डाप्रमाणे ठरू लागलं. हुतू मुखियांना काढून तुत्सी नेमले. १९५९ साली ४५ मुखियांपैकी ४३ तुत्सी, ५५९ उपमुखियांपैकी ५४९ तुत्सी. हे मुखियेच सक्तीची कॉफी लावायला, रस्त्याच्या कामावर माणसं हाकायला. चाबूक बेल्जियमचा, हात तुत्सी मुखियाचा, पाठ हुतूची. साध्या शेतकऱ्याला चाबकाचा मालक दिसणार का हात दिसणार? आणि लक्षात घ्या, बहुसंख्य तुत्सीसुद्धा असेच गरीब होते, त्यांच्या वाट्याला पुठ्ठ्यावरचा शब्द सोडून काही आलं नाही.

कार्डाचा पुढचा प्रवास मात्र बेल्जियमच्या माथी मारता येत नाही. १९६२ ला स्वातंत्र्य आलं, हुतू नेत्यांचं सरकार आलं, त्यांनी कार्ड फाडून टाकायचं सोडून जपून ठेवलं आणि उलटं वापरलं, तुत्सींना शाळा-नोकरीत साधारण नऊ टक्क्यांची मर्यादा. बत्तीस वर्षं. मग एप्रिल १९९४ मध्ये रस्त्यावर आडव्या टाकलेल्या ओंडक्यापाशी तोच पुठ्ठा मागितला गेला. नरसंहारानंतर आलेल्या सरकारने तो रकाना काढला.

८. हे आपल्या जातीसारखंच नाही का?

बरेच जण असं म्हणतात, मी टाळतो. जातीला धर्माचा आधार होता, गावकुसाबाहेर वस्ती होती, शिवाशिव होती, तिथे हे नव्हतं. साम्य शोधायचंच तर इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा बघा. आख्खी जमात जन्मतः चोर म्हणून रजिस्टरात, पोलिसात हजेरी. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कुठेही चोरी झाली की आजही पोलिसांची पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते ते तुम्हाला माहीत आहे. सरकारी कागदावरचा शब्द कागद फाटल्यावरही राहतो, तेवढंच साम्य.

९. बेल्जियम आधी तुत्सींच्या बाजूने होता, मग हुतूंच्या. मध्येच पार्टी का बदलली?

कारण शिकलेले तुत्सी १९५० च्या दशकात स्वातंत्र्य मागायला लागले. त्याच वेळी नवीन पिढीचे बेल्जियन पाद्री आले, त्यांना गरीब हुतूंचा कळवळा होता, तो खरा असेलही. १९५७ मध्ये हुतू जाहीरनामा निघाला. त्यात एक मागणी बघण्यासारखी आहे, ओळखपत्रावरचा वंशाचा रकाना काढू नका म्हणतात, काढला तर आमच्यावर अन्याय झाला हे मोजणार कसं? मागणी पूर्ण चुकीची वाटत नाही, आपल्याकडे जातनिहाय जनगणनेच्या वादात हाच मुद्दा असतो.

नोव्हेंबर १९५९ मध्ये एका हुतू उपमुखियाला मारहाण झाली, तो मेला अशी अफवा उठली (मेला नव्हता), तुत्सींची घरं पेटली. कर्नल लोजिए या बेल्जियन अधिकाऱ्याने तुत्सी मुखिये काढून भराभर हुतू नेमले. ज्यांनी एका बाजूला तीस वर्षं खांद्यावर बसवलं त्यांनीच तीन वर्षांत खाली आपटलं आणि १ जुलै १९६२ ला हात झटकून घरी गेले. लाखाच्या वर तुत्सी युगांडा, बुरुंडी, काँगो, टांझानियात पळाले. त्यांच्यात एका जोडप्याच्या कडेवर दोन-तीन वर्षांचा पॉल कागामे होता, आजचा राष्ट्राध्यक्ष.

१०. मग १९९४ चं कारण शंभर टक्के बेल्जियम असं म्हणायचं का?

नाही. सरपण बेल्जियमने रचलं असं म्हणा हवं तर, काडी ओढणारे रवांडाचेच होते आणि त्यांची नावं कोर्टाच्या निकालांत आहेत.

मधल्या तीस वर्षांत बरंच घडलं. पळालेल्यांना परत येऊ दिलं नाही. १९७२ मध्ये शेजारी बुरुंडीत उलटं चित्र, तिथे तुत्सी सैन्याने लाखाच्या वर हुतू मारले, शिकलेले निवडून निवडून, ती भीती रवांडात आली. १९८९ मध्ये कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, भाव कोसळले, आणि देशाची मुख्य कमाई तीच, बेल्जियनांनी सक्तीने लावलेली कॉफी. १ ऑक्टोबर १९९० ला युगांडात वाढलेल्या निर्वासितांची फौज आरपीएफ हद्द ओलांडून आत आली. फ्रान्सने सरकारी सैन्याला हत्यारं आणि ट्रेनिंग दिलं. १९९३ मध्ये सत्ता वाटून घ्यायचा करार झाला, ज्यांची खुर्ची जाणार होती त्यांनी रेडिओ काढला, आरटीएलएम, मस्त गाणी लावायचा आणि मध्ये मध्ये तुत्सींना 'इन्येंझी' म्हणजे झुरळं म्हणायचा. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान पाडलं आणि याद्या आधीच तयार होत्या. शंभर दिवस. मेलेले पाच ते आठ लाख असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज, रवांडा सरकार दहा लाखांहून जास्त सांगतं. कार्डावर हुतू असून लपवायला मदत केली किंवा विरोध केला म्हणून मारलेलेही हजारो.

युनोची शांतिसेना तिथे होती, साधारण अडीच हजार. दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने आपले लोक काढून घेतले आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सेना वाढवायच्या ऐवजी २७० वर आणली. हे मला अजून पचत नाही.

११. रवांडाच्या भांडणाचा काँगोशी काय संबंध? आणि हे एम२३ कोण?

इथे तीन पदर एकात एक अडकलेत.

पहिला पदर जुना. १९३७ पासून बेल्जियनांनी गर्दीच्या रवांडातून हजारो कुटुंबं उचलून काँगोच्या मासिसी भागात नेली, गोऱ्यांच्या मळ्यांवर मजूर हवे होते. तिथे आधीपासून हुंडे वगैरे लोकांची जमीन होती, त्यांना कोणी विचारलं नाही. त्याही आधीपासून राहणारे किन्यारवांडा बोलणारे लोक होतेच. स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला की हे सगळे काँगोचे नागरिक का? मोबुटूने १९७२ मध्ये कायदा करून नागरिकत्व दिलं. १९८१ मध्ये नवीन कायदा करून काढून घेतलं, आता सिद्ध करायचं की तुमचे पूर्वज १८८५ मध्ये या भूमीत होते. १८८५! म्हणजे ज्या वर्षी लिओपोल्डचा देश कागदावर जन्मला ते वर्ष (प्रश्न ३). कुठल्या शेतकऱ्याकडे १८८५ चा पुरावा असणार? मतदान, जमीन, सगळं टांगणीला, आणि मार्च १९९३ मध्ये, म्हणजे रवांडाच्या नरसंहाराच्या एक वर्ष आधी, मासिसीत कत्तली सुरू झाल्या.

दुसरा पदर, जुलै १९९४. आरपीएफ जिंकल्यावर दहा लाखांच्या आसपास हुतू काही दिवसांत हद्द ओलांडून गोमा शहरात आले. त्यात साधे लोक आणि त्यांच्या आड लपलेले मारेकरी, शस्त्रांसकट. गोम्याची जमीन म्हणजे न्यिरागोंगो ज्वालामुखीचा थिजलेला काळा लाव्हा. कुदळ आपटली तर ठिणगी उडते. संडास खणता येईनात, कॉलरा आला, मेलेल्यांना पुरता येईना.

मी नंतर बरेचदा अलीकडच्या गिसेन्यी गावातून गोम्याकडे बघत उभा राहायचो, दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली आहेत, मध्ये फक्त नाका. पलीकडून पोरं चुकुडूवरून माल आणायची, चुकुडू म्हणजे अख्खी लाकडी स्कूटर, चाकंसुद्धा लाकडाची, त्यावर चार-पाच पोती कोळसा. कंपाऊंडच्या भिंती त्याच काळ्या लाव्ह्याच्या दगडाच्या.

तिसरा पदर, १९९६ मध्ये त्या छावण्यांतले मारेकरी संपवायला म्हणून रवांडाचं सैन्य काँगोत घुसलं, त्यात निर्वासितही प्रचंड मारले गेले, मोबुटू १९९७ मध्ये पळाला, लॉराँ कबिला आला, त्याचं आणि रवांडाचं फाटलं, १९९८ ते २००३ दुसरं युद्ध, अर्धा डझन देश आत. एम२३ हे त्याच साखळीतलं. २३ मार्च २००९ च्या करारावरून नाव, मुख्यतः काँगोतले तुत्सी सैनिक, २०१२ मध्ये बंड, मग हरले, २०२१ अखेरीस परत उठले, जानेवारी २०२५ मध्ये गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू शहर घेतलं. रवांडाचं सैन्य त्यांच्यासोबत असल्याचं युनोच्या तज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा लिहिलंय, रवांडा नाकारतो. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. करारांचा इथला इतिहास वरती वाचलातच.

१२. खरं कारण मोबाईलमधलं कोल्टन आहे, बाकी सगळा बहाणा, बरोबर ना?

रील्समध्ये हेच सांगतात. कोल्टन या खनिजातून टँटलम निघतं, ते फोनच्या कपॅसिटरमध्ये जातं आणि मासिसीतल्या रुबाया खाणींवर २०२४ मध्ये एम२३ ने ताबा घेतला, हे खरं. खाणीमुळे बंदुकीचा खर्च निघतो, म्हणून भांडण लांबतं. पण जमीन आणि नागरिकत्वाची मारामारी कोल्टनचा भाव वाढायच्या आधीची आहे (प्रश्न ११). आणि बॅटरीतलं कोबाल्ट वेगळं, ते कोल्वेझी भागात, गोम्यापासून हजारेक किलोमीटर लांब, तिथे हाल वेगळ्या प्रकारचे आहेत, युद्ध नाही. लोक दोन्ही एकत्र करतात, करू नका.

१३. सीमा चुकीच्या आहेत तर बदलून का टाकत नाहीत?

१९६४ मध्ये कैरोला आफ्रिकन देशांनी मिळून ठरवलं की मिळाल्या त्या सीमा मान्य. एक रेघ हलवली की पन्नास हलवाव्या लागतील ही भीती, आणि ती रास्त होती. अपवाद थोडे, एरिट्रिया १९९३ आणि दक्षिण सुदान २०११, आणि दक्षिण सुदानमध्ये वेगळं झाल्यावर अडीच वर्षांत घरातच युद्ध पेटलं.

आता गोची बघा. रवांडा आणि बुरुंडी ही गोऱ्यांनी जोडून-तोडून बनवलेली राज्यं नाहीत, ती जुनी राज्यं आहेत आणि सीमा बऱ्यापैकी जुन्याच. 'चुकीच्या सीमेमुळे आफ्रिकेत भांडणं' हे वाक्य जिथे सगळ्यात कमी लागू पडतं तिथेच सगळ्यात मोठा नरसंहार झाला.

१४. इथिओपिया गुलाम नव्हता तरी युद्ध, सोमालियात एकच भाषा-एकच धर्म तरी युद्ध. तुमची थिअरी फेल ना?

माझी थिअरी अशी नाहीच की गोरे आले म्हणजे युद्ध होणारच. इथिओपियाने १८९६ ला अडवाला इटलीला हरवलं, पण त्या काळात तो स्वतःच दक्षिणेकडचे लोक जिंकून साम्राज्य वाढवत होता, तीही एक वसाहतच म्हणा. सोमाली लोक पाच तुकड्यांत विभागले गेले, त्यातले ब्रिटिश आणि इटालियन दोन तुकडे १९६० ला एक झाले, उरलेल्यांसाठी १९७७ मध्ये इथिओपियाशी युद्ध केलं, हरले, आणि मग कुळाकुळांत फुटले.

उलटा अपवाद बोट्स्वाना. ब्रिटिशांना तिथे काही दिसलं नाही म्हणून त्यांनी फार हातच लावला नाही, इतकं दुर्लक्ष की कारभाराची राजधानी देशाच्या बाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या माफिकेंगला. जुनी गावसभा टिकली. १९६६ ला स्वातंत्र्य आणि १९६७ ला ओरापाला हिरे सापडले. एक वर्ष आधी सापडले असते तर?

१५. भारताचा यात काही संबंध आहे का?

आहे. १९६१ मध्ये युनोतर्फे आपली ब्रिगेड कटांगात गेली होती. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलमध्ये, आजचं लुबुंबाशी, गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया रस्ता मोकळा करताना शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेत मिळालेलं ते एकमेव परमवीर. नंतर गोम्याच्या भागात वर्षानुवर्षं भारतीय तुकड्या होत्या. जुलै २०२२ मध्ये बुटेंबो गावात युनोविरुद्ध जमावाच्या हल्ल्यात बीएसएफचे दोन जवान गेले. तिथल्या लोकांचा राग असा की हे निळ्या टोपीवाले वीस वर्षं इथे आहेत आणि आमचं मरण थांबलेलं नाही.

१६. बेल्जियमने माफी मागितली का?

तुकड्यातुकड्याने. एप्रिल २००० मध्ये पंतप्रधान फेरहॉफश्टाट किगालीत येऊन १९९४ बद्दल माफी मागून गेले. २००२ मध्ये लुमुम्बांच्या खुनाबद्दल. गोऱ्या बापाच्या आणि काळ्या आईच्या मुलांना आयांपासून तोडून मिशनमध्ये टाकलं जायचं, त्याबद्दल २०१९ मध्ये माफी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ब्रसेल्सच्या कोर्टाने अशा पाच म्हाताऱ्या बायकांच्या बाजूने निकाल देऊन भरपाई द्यायला लावली. लिओपोल्डच्या राज्याबद्दल राजा फिलिप यांनी २०२० आणि २०२२ मध्ये 'खेद' म्हटलं. माफी हा शब्द नाही, कारण माफी म्हटलं की मागोमाग भरपाईचं बिल येतं.

१७. रवांडात फिरायला चाललोय. 'तुम्ही हुतू की तुत्सी' असं विचारलं तर चालतं का?

अजिबात विचारू नका, टॅक्सीवाल्यालाही नाही, दारू पिताना तर नाहीच. अधिकृतरीत्या आता सगळे फक्त रवांडन. फूट पाडणारं बोलणं आणि नरसंहाराची विचारसरणी पसरवणं हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्याखाली सरकारवर टीका करणारेही आत गेलेत, हेही ध्यानात असू द्या.

हीच गोष्ट शेजारी बुरुंडीत उलटी. तिथे २००५ च्या घटनेत लिहूनच टाकलं, लोकसभेत साठ टक्के हुतू आणि चाळीस टक्के तुत्सी, सैन्यात निम्मे-निम्मे. तिथे लोक मोकळेपणी बोलतात. एकाने शब्द पुसला, दुसऱ्याने शब्द मोजून वाटून दिला. कुठलं औषध बरं ते मला विचारू नका.

माझ्या ऑफिसात एक वयस्कर अकाउंटंट होते, त्यांना मी तिथे नवा असताना शहाणपणा करून हे विचारलं होतं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला आपलं कूळ सांगितलं.